जोडे शिवणारे न्यायमूर्ती : रॉजर शर्मन यांचे चरित्र

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांचे राष्ट्र चार मोठ्या लेखांवर उभे राहिले. पहिला लेख 1774 सालचा. त्यात इंग्लंडचा माल घ्यावयाचा नाही व आपला माल तिकडे पाठवावयाचा नाही असा वसाहतींनी आपसात करार केला. दुसरा 1776 सालचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. तिसरा 1777 साली ठरलेला, तेरा संस्थानांस एकत्र बांधणारा तहनामा. आणि चौथी 1787 सालची राज्यघटना, जी आजही चालू आहे. वॉशिंग्टन, जेफर्सन व फ्रँकलिन यांची नावे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असतील. परंतु या चारही लेखांवर ज्यांची सही आढळते असे गृहस्थ एकच होऊन गेले, आणि ते या तिघांपैकी कोणीही नव्हत. त्यांचे नाव रॉजर शर्मन.

हे गृहस्थ तरुणपणी जोडे शिवून पोट भरीत असत. पुढे ते जमीन मोजणारे, दुकानदार, पंचांगकर्ते, वकील, न्यायाधीश, नगराध्यक्ष व राष्ट्राच्या वरिष्ठ सभेचे सभासद झाले. त्यांनी सुचविलेला एक समेट सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला आहे. दुसऱ्या एका समेटास त्यांनी मान तुकविली, आणि त्याची किंमत मात्र भलत्याच लोकांस मोजावी लागली. या दोन्ही गोष्टी सांगितल्यावाचून त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

बालपण व धंदा

रॉजरचा जन्म 19 एप्रिल 1721 रोजी मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, बॉस्टन शहराजवळच्या न्यूटन गावी झाला. तो दोन वर्षांचा असता त्याचे कुटुंब स्टॉटन येथे राहावयास गेले. तो मुलूख त्या वेळी नुकताच वसू लागला होता. बाप विल्यम हा शेती करी व जोडे शिवी. मुलगाही त्याच कामास बसला आणि रापी व आरी चालविण्यात लवकरच तरबेज झाला. त्या देशात धंदा जन्माने चिकटलेला नसे, आणि चामड्यास हात लावणाऱ्याचा विटाळही कोणी मानीत नसे. तथापि हाताने राबणारा मनुष्य व कॉलेजात शिकलेला मनुष्य यांच्यामध्ये अंतर पुष्कळ होते, आणि ते अंतर ओलांडणारे थोडे असत.

गावच्या शाळेत मिळाले तेवढे शिक्षण रॉजरने घेतले. तेथील मंडळीचे पाळक सॅम्युएल डनबर हे हार्वर्ड कॉलेजात शिकलेले होते. मुलाची हुशारी पाहून त्यांनी त्यास अभ्यासात साहाय्य केले. असे सांगतात की, जोडा शिवावयास बसला म्हणजे रॉजर पुढ्यात एक पुस्तक उघडे ठेवी आणि दोन टाक्यांमध्ये जेवढी सवड मिळेल तेवढ्यात एखादी ओळ वाचून घेई. गणिताची त्यास विशेष आवड होती.

1741 साली बाप वारला. वडील भाऊ दूर कनेक्टिकट वसाहतीत न्यू मिलफर्ड येथे राहत होता. म्हणून आई व धाकटी भावंडे यांचा भार विशीच्या आतबाहेर असलेल्या रॉजरवर पडला. दोन वर्षांनी, म्हणजे 1743 साली, सर्व कुटुंब न्यू मिलफर्ड येथे गेले. ही वाट शंभराहून अधिक मैलांची. रॉजर आपली हत्यारे पाठीवर बांधून ती सगळी पायीच चालून गेला, अशी कथा त्या प्रांतात अजून सांगतात.

साखळी, पंचांग व कायदा

नव्या मुलखात रान तोडून शेते होत होती, व शेते झाली म्हणजे बांधाचे तंटे ओघानेच येत. ज्यास मोजणी येई त्यास कामाचा तुटवडा नसे. रॉजरने गणिताचा अभ्यास येथे उपयोगास आणिला आणि 1745 साली त्याची जमीन मोजणारा कामगार म्हणून सरकारी नेमणूक झाली. साखळी घेऊन तो डोंगरदऱ्यांतून फिरे. कोणाचा बांध कोठवर, कोणाचा दस्तऐवज खरा, कोणाचा कच्चा, हे त्यास कोर्टात पाऊल टाकण्यापूर्वीच कळू लागले. भावाबरोबर त्याने एक दुकानही चालविले. 1749 साली एलिझाबेथ हार्टवेल हिच्याशी त्याचा विवाह झाला.

1750 पासून पुढे सुमारे दहा वर्षे त्याने पंचांगे छापून काढली. सूर्यचंद्रांचे उदयास्त व ग्रहणे यांचे गणित तो स्वतः करी. कॉलेजाचे तोंड न पाहिलेल्या मनुष्याने आकाशाचा हिशेब मांडावा आणि शेतकऱ्यांनी तो विश्वासाने घरात टांगावा, ही लहान गोष्ट नव्हती. 1752 साली त्याने एक लहान पुस्तक लिहून कागदी चलनाच्या खोटेपणाविषयी लोकांस सावध केले. शेजारच्या वसाहतींच्या हुंड्यांची किंमत दिवसेंदिवस घसरत होती. ज्याने चांगल्या नाण्याच्या भावाने माल दिला, त्यास घसरलेल्या कागदाने फेड करणे हा अन्याय आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. माप खोटे असू नये, मग ते जमिनीचे असो, धान्याचे असो की पैशाचे, हा त्याचा स्वभावच बनला होता.

तो वकील कसा झाला याविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका शेजाऱ्याच्या कामासाठी तो तालुक्याच्या गावी एका वकिलाकडे गेला. बोलताना त्याने आपल्या हातातील टिपणाकडे वारंवार पाहिले. वकिलाने ते टिपण मागून घेतले, वाचले, आणि अर्ज म्हणून हेच दाखल करावे, यात बदलण्यासारखे काही नाही, असा अभिप्राय देऊन त्यास कायद्याचा अभ्यास करण्याची सल्ला दिली. त्या काळी वसाहतींत कायद्याच्या शाळा नव्हत्या. रॉजरने पुस्तके मिळवून घरीच अभ्यास केला आणि 1754 साली, तेहतिसाव्या वर्षी, त्यास वकिलीची सनद मिळाली.

न्यायासनावर

पुढच्याच वर्षी न्यू मिलफर्डच्या लोकांनी त्यांस वसाहतीच्या कायदेसभेत निवडून दिले, व लहान दावे ऐकणारे मॅजिस्ट्रेट म्हणूनही त्यांची नेमणूक झाली. 1759 साली ते जिल्हा कोर्टाचे न्यायाधीश झाले. 1760 साली पत्नी एलिझाबेथ निवर्तली. तिला सात मुले झाली होती. 1761 साली शर्मन न्यू हेवन शहरी राहावयास गेले. तेथे येल कॉलेजाजवळ त्यांनी दुकान घातले. 1763 साली रिबेका प्रेस्कॉट यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला व त्यांना आणखी आठ मुले झाली. पंधरा लेकरांचा हा बाप आयुष्यभर पहाटे उठून कामास लागे, याचे नवल वाटावयास नको.

1765 साली येल कॉलेजाने आपली तिजोरी त्यांच्या हाती सोपविली. ते काम त्यांनी अकरा वर्षे केले. 1768 साली त्याच कॉलेजाने त्यांस सन्मानाची पदवी दिली. कोणत्याही कॉलेजाच्या बाकावर ते कधी बसले नव्हते.

1766 साली ते वसाहतीच्या वरिष्ठ कोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि तेवीस वर्षे त्यांनी ते काम केले. हे कोर्ट एका जागी बसत नसे. न्यायाधीश घोड्यावर बसून जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत आणि लोकांच्या दारी जाऊन न्याय देत. मुख्य न्यायाधीश धरून पाच जणांचे हे मंडळ असे. शर्मन यांच्या ठायी वक्तृत्व मुळीच नव्हते. उंच, ताठ बांधा, आखूड कापलेले केस, बोलताना हात कोठे ठेवावे हेही ज्यांस सुचत नसे, असे हे न्यायाधीश. परंतु वादी प्रतिवादी यांच्या भांडणातील खरी गाठ कोठे आहे, हे त्यांस चटकन दिसे. गाठ सापडली म्हणजे ती ओढून घट्ट करावयाची नाही, हळूहळू मोकळी करावयाची, अशी त्यांची रीत होती.

महासभेत

1774 साली इंग्लंडशी तंटा विकोपास गेला, तेव्हा वसाहतींची महासभा फिलाडेल्फिया शहरी भरली. कनेक्टिकटने शर्मन यांस पाठविले. बडे जमीनदार, नामांकित वकील व धनवान व्यापारी यांच्या त्या मेळाव्यात त्यांची गावंढळ चालचलणूक उठून दिसे. त्यांच्याच वसाहतीच्या एका सोबती प्रतिनिधीने घरी लिहिलेल्या पत्रात त्यांची यथेच्छ थट्टा केली व अशा मंडळीत हा मनुष्य शोभत नाही असे कळविले. परंतु पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झालेले जॉन अॅडम्स यांचे मत निराळे होते. स्वातंत्र्याच्या कामी ज्यांच्यावर नि:शंक भरवसा ठेवावा अशा भक्कम माणसांत ते शर्मन यांची गणना करीत.

1776 साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करण्यासाठी पाच जणांची कमिटी नेमली, तीत जेफर्सन, अॅडम्स, फ्रँकलिन व लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर शर्मन होते. मजकूर जेफर्सन यांनी लिहिला. लढाईच्या वर्षांत शर्मन यांच्या वाट्यास आले ते फौजेची रसद, खर्चाचे हिशेब व कर्जाची तजवीज असे नीरस काम. त्यात नाव होत नाही. परंतु ते न झाले तर फौज उपाशी मरते.

याच वर्षी एक गोष्ट घडली, तिचे महत्त्व अकरा वर्षांनी कळून आले. महासभेत मते कशी मोजावी असा वाद निघाला. मोठ्या वसाहती म्हणत, ज्याची लोकवस्ती अधिक त्याची मते अधिक. लहान वसाहती म्हणत, प्रत्येक वसाहतीस एक मत. शर्मन यांनी सुचविले की मते दोन्ही रीतींनी मोजावी, आणि दोन्हीकडे बहुमत होईल तेच मंजूर समजावे. त्या वेळी त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

लढाई संपत आली, तेव्हा 1783 साली कनेक्टिकटने आपले सर्व कायदे तपासून नव्याने मांडण्याचे काम शर्मन व न्यायाधीश रिचर्ड लॉ या दोघांवर सोपविले. या नव्या कायदेसंग्रहात एक कलम आले, ते असे की, 1 मार्च 1784 नंतर गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल पंचवीस वर्षांचे झाले म्हणजे मोकळे व्हावे. जे आधीच गुलाम होते त्यांस या कलमाने काही दिले नाही. त्या संस्थानातील गुलामगिरी पुरती नाहीशी होण्यास 1848 साल उजाडावे लागले. तरी दार किलकिले झाले होते. 1784 सालीच न्यू हेवनच्या नागरिकांनी शर्मन यांस नगराध्यक्ष निवडले, व मरेपर्यंत ते त्या जागेवर होते.

पहिला समेट

स्वतंत्र झालेली तेरा संस्थाने एकमेकांपासून फुटू लागली. तहनामा दुबळा होता. कर बसविण्याचा अधिकार महासभेस नव्हता. म्हणून 1787 च्या मे महिन्यात नवी घटना करण्यासाठी फिलाडेल्फिया येथे परिषद भरली. ऱ्होड आयलंड संस्थानाने कोणासच पाठविले नाही. बाकीच्या बारा संस्थानांचे मिळून पंचावन्न प्रतिनिधी आले. दारे बंद करून ऐन उन्हाळ्यात बैठकी चालल्या. शर्मन सहासष्ट वर्षांचे होते. त्यांच्याहून वडील असे एकटे फ्रँकलिन.

जुनाच वाद पुन्हा निघाला. तीन वर्षांनी झालेल्या पहिल्या शिरगणतीत व्हर्जिनिया संस्थानाची वस्ती सुमारे 7 लाख 47 हजार भरली आणि डेलावेअरची केवळ 59 हजार. यावरून दोन्ही बाजूंची भीती ध्यानात येईल. लोकसंख्येवर मते दिली तर लहान संस्थाने बुडतात. प्रत्येकास समान मत दिले तर एका डेलावेअरकराचा आवाज बारा व्हर्जिनियाकरांएवढा होतो. 11 जून रोजी शर्मन यांनी उठून सुचविले की सभा दोन असाव्या: एकीत मोकळ्या रहिवाशांच्या संख्येप्रमाणे प्रतिनिधी, दुसरीत प्रत्येक संस्थानास सारखे मत. दुसऱ्या सभेविषयीची सूचना पाचाविरुद्ध सहा मतांनी फेटाळली गेली.

शर्मन रागावले नाहीत व घरीही गेले नाहीत. जूनअखेर वाद इतका पेटला की डेलावेअरच्या एका प्रतिनिधीने परक्या राष्ट्राचा हात धरण्याची धमकी दिली. परिषद मोडते की काय असे सर्वांस वाटू लागले. तेव्हा प्रत्येक संस्थानाचा एक याप्रमाणे कमिटी नेमली. कनेक्टिकटतर्फे ऑलिव्हर एल्सवर्थ यांची निवड झाली होती. ते आजारी पडल्यामुळे त्यांच्या जागी शर्मन बसले. 16 जुलै रोजी पाच विरुद्ध चार संस्थानांच्या मतांनी समेट मंजूर झाला. मॅसॅच्युसेट्सची मते समसमान फुटली, ती सगळी विरुद्ध पडती तर निकाल निराळा लागता. शर्मन यांची अकरा वर्षांपूर्वीची सूचना अशा रीतीने राष्ट्राचा पाया झाली. आज त्या देशात पन्नास संस्थाने आहेत. वरिष्ठ सभेत प्रत्येकाचे दोनच सभासद बसतात, मग ते संस्थान कितीही मोठे वा लहान असो.

या समेटात दोन्ही पक्षांस काही सोडावे लागले. परंतु जे सोडावयाचे ते त्यांचे स्वतःचे होते, आणि सोडणारे स्वतः त्या खोलीत हजर होते.

दुसरा समेट

त्याच खोलीत आणखी एक समेट झाला. प्रतिनिधी वाटून घ्यावयाचे तर माणसे मोजावयास हवी. मग गुलामांची मोजणी कशी करावी? शर्मन यांच्या मूळ सूचनेत मोकळ्या रहिवाशांचीच संख्या होती. दक्षिणेकडील संस्थानांनी गुलामही मोजावे असा आग्रह धरिला. ज्यांस ते मताचा अधिकार द्यावयास तयार नव्हते, त्यांच्याच डोक्यांवर त्यांस जादा प्रतिनिधी पाहिजे होते. शेवटी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब ठरला. ज्या मनुष्याने आयुष्यभर खरे माप धरिले, त्याच्यासमोर हे माप मंजूर झाले.

ऑगस्टमध्ये आफ्रिकेतून गुलाम आणण्याच्या व्यापाराचा प्रश्न आला. दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया यांनी सांगितले की हा व्यापार बंद करणार असाल तर आम्ही संघात येत नाही. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी, स्वतः गुलामांचे धनी असूनही, त्या व्यापाराचा कडक निषेध केला. शर्मन यांनी आपणास हा व्यापार पसंत नाही असे सांगितले. तथापि नव्या घटनेस जितके अडथळे कमी तितके बरे, म्हणून ही गोष्ट आहे तशीच राहू द्यावी, असा त्यांनी अभिप्राय दिला. संस्थाने एकामागून एक गुलामगिरी सोडीत आहेत, हळूहळू ती आपोआप नाहीशी होईल, अशी त्यांची समजूत होती. 1808 पूर्वी हा व्यापार बंद करावयाचा नाही असे ठरले.

त्यांच्या मनास हे बोचत नव्हते असे म्हणता येत नाही. आणलेल्या गुलामांवर जकात बसवावी असे निघाले, तेव्हा जकात मालावर असते, मनुष्य हा माल नव्हे, म्हणून त्यांनी हरकत घेतली. पळून गेलेला गुलाम सर्व संस्थानांनी पकडून परत द्यावा असे कलम आले, तेव्हा पळालेला घोडा सरकारने शोधून द्यावयाचा नसतो, मग गुलाम का द्यावा, असा त्यांनी आक्षेप काढिला. दुसऱ्या दिवशी तेच कलम कोणीही विरोध न करता मंजूर झाले. शर्मन तेथेच बसले होते. 17 सप्टेंबर रोजी एकोणचाळीस जणांनी घटनेवर सह्या केल्या, त्यांत त्यांची सही होती.

त्यांच्या बाजूने एवढे म्हणावे लागते की, त्या दिवशी परिषद मोडली असती तर दक्षिणेतील गुलाम मोकळे झाले नसते, आणि तेरा संस्थानांच्या एकीची आशाही गेली असती. हे त्यांचे गणित होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण हळूहळू आपोआप नाहीशी होईल, हा दुसरा आकडा साफ चुकला. 1790 साली त्या देशात सुमारे 7 लाख गुलाम होते. 1860 साली ते जवळजवळ 40 लाख झाले. ज्यांच्याविषयी समेट झाला त्यांपैकी एकही मनुष्य त्या खोलीत बसलेला नव्हता. भांडणारे दोघे उठून घरी गेले, आणि सोडावयाचे ते तिसऱ्यास सोडावे लागले. 1861 पासून चार वर्षे आपसात युद्ध होऊन सहा लाखांहून अधिक शिपाई मरण पावले, तेव्हा कोठे 1865 साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली.

अखेरची वर्षे

1789 साली शर्मन नव्या राष्ट्राच्या प्रतिनिधिसभेत गेले, व त्यासाठी त्यांनी न्यायाधीशाची जागा सोडली. नागरिकांच्या हक्कांची कलमे घटनेत घालावयाची होती. जुन्या मजकुरात ती मिसळून टाकावी, असा एक पक्ष होता. लोकांनी मंजूर केलेल्या मूळ लेखास हात न लावता नवी कलमे शेवटी जोडावी, असा शर्मन यांनी आग्रह धरिला व तो मान्य झाला. तीच वहिवाट आजवर चालत आली आहे. 1791 साली ते वरिष्ठ सभेचे सभासद झाले.

न्यू हेवनच्या व्हाइट हेवन मंडळीचे ते सभासद होते. प्रभुभोजनास येण्यापूर्वी मनुष्याने आपली परीक्षा कशी करावी, याविषयी त्यांनी 1789 साली एक लहान प्रवचन लिहून छापले. त्या मंडळीचे पाळक जोनाथन एडवर्ड्स धाकटे हे गुलामगिरीचे कट्टर विरोधी होते. 1791 साली त्यांनी गुलामांचा व्यापार व गुलामगिरी यांच्या अन्यायाविषयी उपदेश केला व तो छापून प्रसिद्ध झाला. मंडळीत पाळकाविरुद्ध कुरबुर झाली तेव्हा शर्मन त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. 23 जुलै 1793 रोजी, विषमज्वराने, बहात्तराव्या वर्षी शर्मन यांचा अंत झाला. अंत्यविधीचा उपदेश याच एडवर्ड्स यांनी केला.

लेकी व नातू

त्यांच्या मुलींच्या घरी जे घडले ते सांगून हे चरित्र संपवितो. मेहिटाबेल नावाच्या मुलीचा दुसरा विवाह 1804 साली जेरेमाया एव्हर्ट्स या वकिलाशी झाला. हे एव्हर्ट्स 1811 पासून अमेरिकन बोर्डाचे खजिनदार व पुढे चिटणीस होते. त्याच बोर्डाने पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. त्या कामाचा हिशेब ठेवणारा हात शर्मन यांच्या जावयाचा होता. चेरोकी नावाच्या तद्देशीय लोकांस त्यांच्या जमिनीवरून हुसकून लावण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा 1829 साली टोपणनावाने लेख लिहून त्यांची बाजू मांडणारे एव्हर्ट्सच होते. त्यांस यश आले नाही.

दुसरी मुलगी रिबेका. तिचा मुलगा 1793 च्या जानेवारीत जन्मला, व आजोबांचेच नाव त्यास दिले. आजोबा वारले तेव्हा रॉजर शर्मन बॉल्डविन सहा महिन्यांचा होता. तोही पुढे वकील झाला. 1839 साली अॅमिस्टाड नावाचे एक स्पॅनिश गलबत अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ पकडले गेले. त्यावरील आफ्रिकी लोकांस चोरून, कायद्याविरुद्ध, क्यूबा बेटात आणून विकले होते. समुद्रात त्यांनी बंड करून कप्तानास ठार मारिले व गलबत ताब्यात घेतले होते. त्यांस न्यू हेवनच्या तुरुंगात ठेविले. त्यांस विकत घेणारे म्हणू लागले, हा आमचा माल आहे, परत द्या. त्या देशाचे सरकारही त्यांच्याच बाजूने उभे राहिले.

बॉल्डविन यांनी या कैद्यांचे वकीलपत्र घेतले. या कैद्यांची भाषा त्या शहरात कोणास येत नव्हती. न्यूयॉर्क बंदरातून एक दुभाषी खलाशी शोधून आणावा लागला, तेव्हा त्यांचे म्हणणे कोर्टास कळले. 1787 साली जे घडले नव्हते ते येथे घडले, म्हणजे ज्यांच्या नशिबाचा निकाल व्हावयाचा ते स्वतः बोलले. मुकदमा राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे वृद्ध माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स हेही बॉल्डविन यांच्या जोडीस उभे राहिले. ते त्याच जॉन अॅडम्स यांचे पुत्र, जे शर्मन यांच्याबरोबर जाहीरनाम्याच्या कमिटीत बसले होते. 9 मार्च 1841 रोजी निकाल झाला की हे लोक कोणाचा माल नव्हत, ते स्वतंत्र मनुष्य आहेत. तुरुंगात व समुद्रात जे मेले ते मेले. उरलेले सुमारे पस्तीस जण 1842 च्या आरंभी आपल्या देशी पोहोचले.

या निकालाने अमेरिकेतील लाखो गुलामांपैकी एकही मोकळा झाला नाही. आजोबांची सही असलेली कलमे जागच्या जागी होती. परंतु मनुष्य हा माल नव्हे, हे जे आजोबांनी एका जकातीच्या निमित्ताने म्हणून पुढे सोडून दिले होते, ते नातवाने शेवटच्या कोर्टापर्यंत धरून ठेविले.

वाचकहो, आपल्या गावी पंच बसतात, मंडळीत कारभारी बसतात, घरात वडील बसतात. तंटा मिटविणे हे चांगलेच काम आहे, आणि ते रॉजर शर्मन यांच्यासारखे ज्यास येते त्याचा गावास मोठा आधार असतो. मिटविताना एवढे पाहावे की ज्याच्या पदरातून काढून घ्यावयाचे तो तेथे बसला आहे की नाही, आणि त्यास बोलू दिले आहे की नाही.

न्यू हेवन येथे ग्रोव्ह स्ट्रीटवर जुनी कबरस्थाने आहेत. 1821 साली शर्मन यांची कबर तेथे हलविण्यात आली. नातू बॉल्डविन 1863 साली वारला, युद्ध अजून संपले नव्हते. त्यालाही त्याच भूमीत पुरले आहे.